माझ्या डोक्यावर धावतं कोण?

कामावर निघायची वेळ झाली होती आणि कुर्त्याची चेन अर्ध्यावर अडली होती. सजावटबाईंनी श्वास रोखला, पोट आत ओढलं, आरशाकडे पाठ करून पुन्हा जोर लावला. चेन हलली नाही. असा प्रसंग तुमच्याआमच्यापैकी किती जणांच्या घरी घडतो! आपण जरा चिडतो, दुसरा कपडा चढवतो आणि दारातून बाहेर पडेपर्यंत विसरूनही जातो. बाई विसरल्या नाहीत.

एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात, रस्त्याकडच्या काचेमागे उभे असणारे पुतळे सजवायचं त्यांचं काम. म्हणून दुकानात सगळे त्यांना सजावटबाई म्हणत. पुतळा कमरेत दोन तुकड्यांचा असतो. आधी पाय उभे करायचे, त्यांना कपडे चढवायचे, मग वर धड बसवायचं आणि शेवटी एकेक हात खांद्याच्या खाचेत फिरवून अडकवायचा. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे बाईंचे दंड चांगले भरलेले होते. अख्खा पुतळा काखोटीला मारून त्या तळघरातून वर येत, तेव्हा विक्रीची पोरं वाट सोडून बाजूला होत.

त्या हंगामात नवे पुतळे आले. जुन्यांपेक्षा पुष्कळ बारीक. दुकानातला सगळ्यात लहान मापाचा कपडासुद्धा त्यांच्या अंगावर लोंबायचा. मागून टाचण्या लावून आवळावा लागायचा. त्यांना चेहरे नव्हते. नाकाच्या जागी नुसता उंचवटा. मॅनेजरसाहेब लांबून बघत म्हणाले, "वा! कपडा कसा खुलतो बघा. आणि बाई, काचेत पुतळ्यांच्या बरोबर तुम्हीही दिसता हो लोकांना. तेव्हा जरा..."

पुढचं ते बोललेच नाहीत. पण बाईंनी वाक्य मनातल्या मनात पुरं केलं.

आठवड्याभरात घरी ट्रेडमिल आली. आतल्या छोट्या खोलीत गाद्यांच्या ढिगाशेजारी ती जेमतेम मावली, तीही भिंतीकडे तोंड करून. नवरा छापखान्यात मशीन चालवायचा. त्याने भोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "एवढं धावून पोचायचं कुठे? भिंतीत?"

"हसा तुम्ही," बाई म्हणाल्या. "सहा महिन्यांनी ओळखणार नाही तुम्ही मला."

हे बोलणं किती खरं ठरणार आहे, ते त्या दोघांनाही ठाऊक नव्हतं!

बाई उजाडताना धावू लागल्या. मग कामावरून आल्यावरही धावू लागल्या. रात्रीचं जेवण बंद झालं, दुपारचा डबा अर्ध्यावर आला. वजनकाटा मात्र भराभर उतरत होता, आणि काटा उतरला की भूक विसरायला होई. लोकही कौतुक करत. "काय बारीक झाल्या हो तुम्ही!" "आम्हालाही सांगा की काय करता ते!" बिल करणाऱ्या मुलीपासून चहावाल्यापर्यंत प्रत्येकाने एकदा तरी म्हटलं. आयुष्यात इतकं कौतुक बाईंच्या वाट्याला कधीच आलं नव्हतं. पुतळ्यांना त्यांनी सजवलं होतं, दाद मात्र नेहमी कपड्यांना मिळाली होती.

घरात तेरा वर्षांची मुलगी होती. बाळपणी गुबगुबीत होती म्हणून बाप तिला लाडाने गब्बू म्हणे. तेच नाव चिकटलं. ती दाराशी उभी राहून आईला धावताना बघायची. 

एके दिवशी दुकानात विचित्रच घडलं. बाई काचेत उभ्या राहून एका पुतळ्याची बाही टाचत होत्या. अचानक डोळ्यांपुढे काळं आलं. अशा वेळी हललं की तोल जातो, हे आताशा सवयीने कळलं होतं. म्हणून त्या हात तसाच अधांतरी ठेवून, डोळे उघडे ठेवून, निश्चल उभ्या राहिल्या. दुकानाच्या आतल्या बाजूने एक गिऱ्हाईक बाई आल्या. त्यांनी सजावटबाईंच्या खांद्यावरचं कापड दोन बोटांत चोळून पाहिलं. मानेमागे हात घालून किमतीची चिठ्ठी शोधली. मग मागे वळून विक्रीच्या पोराला विचारलं, "हाच रंग मोठ्या मापात आहे का रे?"

सजावटबाईंनी पापणी मिटली.

त्या बाई अशी किंकाळी फोडून मागे सरल्या की अख्खं दुकान गोळा झालं. मग एकच हशा पिकला. मॅनेजरसाहेब डोळे पुसत म्हणाले, "याहून मोठं सर्टिफिकेट कुठलं हवं, बाई? पुतळ्यात आणि तुमच्यात फरक कळेना!"

बाईही हसल्या. आणि खरं सांगायचं तर त्यांना आनंदच झाला. फक्त मानेवर जिथे ती बोटं फिरली होती, तिथला गारठा संध्याकाळपर्यंत गेला नाही.

त्याच संध्याकाळी जिन्यात खालच्या मावशी भेटल्या. मावशी बरोबर खालच्या घरात एकट्या राहत. आयुष्य हॉस्पिटलात गेलेलं, फिजिओथेरपी विभागात. पडलेल्या, मोडलेल्या माणसांना पुन्हा उभं करण्यात. सत्तरी उलटली होती, पण पाठ ताठ आणि जीभ तिखट.

"अगं, एक विचारू का?" मावशी म्हणाल्या. "तू सकाळी धावतेस, संध्याकाळी धावतेस, ते मला पाठ झालंय. माझा पंखा हलतो ना. पण हल्ली दुपारीही धावतेस का?"

"दुपारी? मावशी, दुपारी मी दुकानात असते."

"ते मलाही ठाऊक आहे," मावशी म्हणाल्या. "तुझा नवरा कामावर, पोरगी शाळेतून परस्पर वाचनालयात जाते म्हणतेस. घरात कुणी नाही. मग माझ्या डोक्यावर धावतं कोण?"

बाईंनी हसून वेळ मारून नेली. पाइपचा आवाज असेल, शेजारचं बांधकाम असेल. पण वर आल्यावर त्या आधी आतल्या खोलीत गेल्या. खिडकीचा पडदा ओढलेला होता. मशीन बंद होतं. त्यांनी पट्ट्याजवळच्या मोटरच्या झाकणावर हात ठेवला आणि झटक्यात मागे घेतला.

झाकण गरम होतं.

काळ्या पट्ट्यावर एक ओलसर ठसा उमटला होता. अनवाणी पावलाचा. बाईंनी चप्पल काढून आपलं पाऊल त्यावर ठेवलं. टाचेपासून अंगठ्यापर्यंत तंतोतंत बसलं.

थोड्या वेळाने मुलगी दप्तर घेऊन आली, तोंड धुतलेलं, केस ओले. "वाचनालयात फार उकडत होतं," म्हणाली आणि अभ्यासाला बसली. बाईंनी तिला काही विचारलं नाही. विचारायचं काय? घरात मीच धावते आणि मला कळत नाही, असं? हल्ली त्यांचं डोकं हलकं हलकं असायचं. गॅस बंद केला का आठवायचं नाही. केस विंचरताना फणीत पुंजके यायचे. बोलता बोलता समोरचा माणूस लांब गेल्यासारखा वाटायचा. एकदा ओझरतं मनात आलं, आपण दुकानात असताना आपल्यातलंच कुणी मागे घरी राहत असेल का? ज्याला थांबता येत नाही असं कुणी?

या विचाराने त्या घाबरल्या, आणि घाबरून आणखी वेगात धावल्या.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "भलतंसलतं काहीतरी. नीट जेव म्हणजे भुतं दिसणार नाहीत." पण रविवारी त्यानेच दाराला तेल घालताना हळूच विचारलं, "अगं, काल मी मधल्या सुट्टीत विसरलेला डबा घ्यायला आलो होतो. तू घरी होतीस का? आत मशीन चालू होतं. मी हाक मारली तर बंद झालं. खोलीचं दार आतून लावलेलं होतं, म्हणून म्हटलं कपडे बदलत असशील. मला उशीर होत होता, निघून गेलो."

बाईंच्या हातातली वाटी खाली पडली.

त्यानंतरचा तो दिवस. दुकानात नवा माल लागायचा होता. बाई तळघरातून एक पुतळा आणायला गेल्या. त्या बारीक, पोकळ पुतळ्याला त्यांनी नेहमीसारखा कमरेतून धरला आणि उचलला. उचलला, म्हणजे प्रयत्न केला. दंडात ताकदच नव्हती. मनगटं थरथरली, पुतळा तिरका झाला आणि जिन्यावरून गडगडत खाली गेला. एक हात निखळून वेगळाच घरंगळत राहिला. वजन किती उतरलं होतं! पण कुर्त्याखाली पोटाचा घेर हट्टाने तसाच होता, आणि दंड मात्र काठ्यांसारखे. बाईंना ते त्या पायरीवर बसून पहिल्यांदा दिसलं.

मॅनेजरसाहेबांनी त्यांना घरी पाठवलं. दुपार होती. इमारतीत सामसूम. पहिल्या मजल्यावर पोचताच त्यांना ऐकू आलं.

धप. धप. धप. धप.

खालच्या मावशींचं दार किलकिलं होतं. मावशी दारात उभ्या राहून वर बघत होत्या. दोघींची नजरानजर झाली. मावशींनी नुसतं बोट वर केलं.

बाईंनी कुलपात किल्ली फिरवली, आवाज न करता. घरात अंधूक उजेड होता. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्यामागून पावलं एका लयीत वाजत होती आणि त्या पावलांच्या मध्ये कुणीतरी धापा टाकत होतं. बाईंनी दार ढकललं.

भिंतीकडे तोंड करून त्या स्वतःच धावत होत्या.

त्यांचाच तो जुना हिरवा सदरा. तशीच वर बांधलेली वेणी. तशीच पाठीतून टोचून वर आलेली खांद्याची पाती. ती आकृती मागे वळली नाही, थांबली नाही.  मग त्या आकृतीचे पाय एकमेकांत अडकले, डोकं मागे पडलं, आणि चेहरा दिसला.

"गब्बू!"

मुलगी कोसळली. पट्टा फिरतच होता; तो तिला मागे फरफटत नेऊन मागची भिंत आणि मशीन यांच्यामध्ये दाबत होता. बाईंनी धावत जाऊन वायर उपटली. घरघर थांबली. मुलीचे डोळे अर्धवट उघडे होते, ओठ पांढरे. बाईंनी तिच्या काखेत हात घालून तिला ओढायला सुरुवात केली.

त्यांना तिला उचलता आलं नाही.

ज्या लेकरात आता उचलण्यासारखं काही उरलंच नव्हतं, ते त्यांना उचलता आलं नाही! पुन्हा जोर लावला. हात सुटले. "मावशी!" त्यांनी अशी हाक मारली की ती रस्त्यापर्यंत गेली असेल. "मावशी, धावा हो!"

मावशी जिन्यातच होत्या. त्या आत आल्या, मशीन पायाने बाजूला रेटलं, गुडघ्यांत वाकल्या, मुलीच्या पाठीखाली आणि गुडघ्यांखाली हात घातले आणि तिला अलगद वर घेतलं. सत्तरीच्या बाईने! बाहेर आणून पलंगावर ठेवलं, पाय उशीवर उंच केले, नाडी पाहिली. "श्वास ठीक आहे. डॉक्टरला फोन कर आधी, रड नंतर."

डॉक्टर म्हणाले, वेळेवर लक्षात आलं. कित्येक दिवस पोरीने शाळेचा डबा टाकून दिला होता. सलाइन लागलं, तपासण्या झाल्या. या वयात वजन उतरवण्याचं नावही काढायचं नाही, नीट खायचं, दर आठवड्याला मला येऊन दाखवायचं, असं त्यांनी बजावलं. गरज वाटली तर मुलांशी बोलणाऱ्या समुपदेशक बाईंकडेही पाठवीन, म्हणाले.

घरी आणल्यावर बाप पलंगाशी बसला, मावशीही शेजारी होत्या. "का गं केलंस असं, गब्बू?"

मुलीने तोंड भिंतीकडे फिरवलं. "त्या नावाने हाक नका मारू."

बापाने हातातला पेला खाली ठेवला.

"आई बारीक झाली तर सगळे तिला छान म्हणायला लागले," मुलगी भिंतीशी बोलल्यासारखी म्हणाली. "मला कुणी काहीच म्हणायचं नाही. नुसतं गब्बू. मला आईसारखं व्हायचं होतं."

बाईंना वाटलं, आपले कुणी कमरेतून दोन तुकडे करून ठेवलेत.

मावशी उठून बाईंना बाहेरच्या खोलीत घेऊन आल्या. बाप मागोमाग आला.

"मावशी, माझंच चुकलं," बाई म्हणाल्या. "पण मी वाईट काय केलं? लोक म्हणतात चरबी जाळायची तर धावा. मी धावले. काटा उतरला की नाही?"

"उतरला. पण काय उतरलं ते काट्याला विचारलंस का?" मावशी म्हणाल्या. "अगं, काटा ओझं सांगतो. ते ओझं चरबीचं होतं, पाण्याचं होतं की तुझ्या मांसाचं, हे त्याला कुठे कळतं? तू पोटाला चिमटा घेतलास आणि दिवसातून दोनदा धावलीस. शरीराला वाटलं, दुष्काळ पडला. एवढे दंडमांड्यांचे स्नायू हवेत कशाला, यांना पोसायचं कुठून? मग त्याने चरबीबरोबर तेही खायला काढले. म्हणून तुझं पोट तिथेच आहे आणि हात बघ."

"म्हणजे धावणं वाईट?" नवऱ्याने विचारलं.

"वाईट कोण म्हणतंय? मी रोज बागेत झपझप चालते. हृदयाला, फुप्फुसाला ते हवंच. त्याने चरबीही जळते. पण नुसतं तेच, आणि तेही उपाशीपोटी, हे चुकीचं. त्याच्या जोडीला आठवड्यातून दोनतीनदा वजन उचलायचं. अंगाला झेपेल तेवढं, हळूहळू वाढवत. वजन उचललं की शरीराला निरोप जातो, की बाबा रे, हे स्नायू कामाचे आहेत, यांना हात लावू नकोस. वर पोटभर नीट जेवण, त्यात डाळी, दूध, जे परवडेल आणि रुचेल ते. मग जे कमी होईल ते बहुतेक चरबीचं कमी होईल."

"आणि वजन?"

"काटा कदाचित हलणारही नाही बरेच दिवस! तेव्हा घाबरायचं नाही. कपडे कमरेत सैल होतात का बघ, जिना चढताना दम लागतो का बघ. तुझ्या पोरीला मी उचललं ते काही देवाच्या कृपेने नाही. नोकरी सुटली त्या वर्षापासून घरात डंबेल्स आहेत माझ्या. पलंगाखाली. लोक हसतील म्हणून कुणाला सांगत नाही." मावशींनी छताकडे पाहिलं. "तेही चुकलंच माझं. सांगायला हवं होतं. रोज डोक्यावर पावलं ऐकत होते आणि नुसती पंख्याकडे बघत बसले होते."

 बाई आत गेल्या, मुलीच्या शेजारी आडव्या झाल्या आणि तिला म्हणाल्या, "मला दुकानात एका बाईने पुतळा समजून चाचपलं होतं. आणि मी खूश झाले होते, माहितीये? तू माझ्यासारखी होऊ नकोस. मीच बदलते."

त्या बदलल्या. एका दिवसात नाही. भरल्या ताटासमोर पहिले काही दिवस त्यांचा घास घशात अडकायचा. मावशींच्या घरी सतरंजी अंथरून खुर्चीवरून हात न टेकता उठणं आणि बसणं, भिंतीला रेटे देणं, मग पाण्याने भरलेल्या बाटल्या, मग डंबेल्स, असं सुरू झालं. डॉक्टरांनी हिरवा कंदील दिल्यावर मुलगीही येऊ लागली; ती वजन कमी करायला नव्हे, गंमत म्हणून आणि मावशींच्या हॉस्पिटलातल्या गोष्टी ऐकायला. ट्रेडमिल राहिली, पण तोंड खिडकीकडे करून, आणि दार सताड उघडं ठेवून. कधी बाई त्यावर गाणी लावून चालत, कधी नवरा. नवऱ्याला आता मुलीला खऱ्या नावाने हाक मारायची सवय होऊ लागली होती. चुकला की स्वतःच जीभ चावायचा.

वर्ष सरत आलं असेल. नवऱ्याची बहीण चार दिवसांसाठी राहायला आली. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, कपडे कडक इस्त्रीचे. पोशाख पुऱ्या बाहीचा, तोही उन्हाळ्यात. दारातच तिने बाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"अगं बाई! पुन्हा भरलीस गं तू! किती सुंदर बारीक झाली होतीस मागे. फोटो बघून हेवा वाटला होता मला. आणि ही आमची पोर, हिचेही गाल वर आलेत!"

 वहीवरचे मुलीचे हात जागच्या जागी थांबले. तिने आईकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, पण त्या पाहण्यात सगळं होतं.

"हो वन्सं, भरले," बाई म्हणाल्या. "तेव्हा मी सुंदर नव्हते, उपाशी होते. आणि हिच्या गालांबद्दल या घरात कुणी बोलत नाही."

वन्सं ओशाळून हसल्या. पिशवी उचलायला वाकल्या आणि उठताना त्यांनी पटकन टेबलाचा कोपरा घट्ट धरला. क्षणभर त्यांचे डोळे उघडे राहिले आणि त्यांत कुणीच नव्हतं.  ते रिकामेपण बाईंच्या ओळखीचं होतं. त्यांनी पुढे होऊन वन्संचा हात हातात घेतला. कडक इस्त्रीच्या बाहीत नुसतं हाड लागलं. गार.

"वन्सं," बाई हळूच म्हणाल्या, "सकाळपासून काय खाल्लंत?"

"मी? मी हल्ली... ऑफिसच्या जिममध्ये जाते ना, सायकल मारते तासन्‌तास, त्यामुळे..." त्यांना वाक्य पुरं करता आलं नाही.  "मला कुणी विचारलंच नाही गं हे. सगळे नुसते छान दिसतेस म्हणतात."

बाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं. मुलगी न सांगता उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन ताट वाढायला लागली.

वाचकहो, चरबी कमी करायची तर जरूर करा; ती इच्छा वाईट नाही. चाला, धावा, पण वजनही उचला, आणि पोटभर जेवा. काट्यावरचा आकडा उतरला म्हणजे आरोग्य चढलं, असं समजू नका. शरीरातून काय गेलं आणि काय राहिलं, ते बघा. आणि एवढं आणखी करा. ओळखीचं माणूस एकाएकी बारीक झालेलं दिसलं, तर कौतुकाचे शब्द ओठांवर येण्याआधी क्षणभर थांबा. तुमच्या त्या एका वाक्यासाठी कुणीतरी स्वतःला झिजवत असेल, आणि ते बघून तिसरंच कुणीतरी. त्याऐवजी जवळ बसा आणि विचारा, "जेवलीस का?"

त्या दिवशी वन्संनी ताटातलं सगळं संपवलं नाही. अर्धं संपवलं. पण पूर्ण वेळ मुलगी त्यांच्या शेजारी बसून जेवत होती, आणि कुणालाही कसलीच घाई नव्हती.